प्रकल्प नोंदी : सुटलेली गाडी आणि मी

३ जानेवारी

कालचं आधी लिहून ठेवते, नाहीतर आठवण बोथट होईल.

रात्रीचे साडेनऊ. पाऊस नुकताच थांबलेला, शेजारी आई. मोठ्या रस्त्यावरून खाली उतरणारं वळण, पुढे पुढे आवळत जाणारं. वेग साठच्या आसपास असावा. अर्ध्या वळणात वाटलं, जास्त झालं. पाय ॲक्सिलरेटरवरून एकदम उचलला आणि स्टिअरिंग आणखी वळवलं. गाडीचं नाक क्षणभर सरळच गेलं, मग मागचा भाग बाहेर सुटला. गाडी आडवी होऊन कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. कशालाही लागलं नाही. आई एवढंच म्हणाली, "आता जरा हळू घे." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच रात्रभर टोचत राहिलं.

चौदा वर्षं गाडी चालवते आहे. त्या दोन सेकंदांत गाडीने जे केलं ते का केलं, हे मला सांगता येत नाही. ते कळून घ्यायचं आणि हातापायांना शिकवायचं, हा प्रकल्प. मुदत सहा महिने. माझ्या गाडीत एबीएस (जोराच्या ब्रेकला चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, ईएससी (सुटू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

९ जानेवारी

आठवडाभर वाचलं आणि आकडे मांडले.

टायरची पकड म्हणजे एक ठरावीक शिधा. ब्रेकला किती, वळायला किती, वेग वाढवायला किती, ते त्यातूनच वाटायचं. सगळा वळण्यात खर्च झाला असेल तर ब्रेकच्या वाट्याला काही उरत नाही.

त्या वळणाची त्रिज्या नकाशावर मोजली, सर्वांत आवळलेल्या जागी साधारण ४० मीटर. कोरड्या चांगल्या डांबरावर पकडीचा गुणांक ०.८ धरला तर तिथली मर्यादा ताशी ६४ किलोमीटर येते. ओल्यात ०.५ धरला तर ५०. म्हणजे त्या रात्री मी मर्यादेच्या जवळपास नव्हते, तिच्या पलीकडे होते. वळणातली मागणी वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ५० चे ५५ केले की टायरकडे २१ टक्के जास्त मागितलं जातं. स्पीडोमीटरवर तो फरक काट्याच्या जाडीएवढा दिसतो.

दुसरा हिशेब जास्त हादरवणारा. दोन सारख्या गाड्या, एक ६० वर, दुसरी ८० वर. दोघींनी एकाच जागी ब्रेक दाबला. ६० वाली जिथे पूर्ण थांबते, तिथे ८० वाली अजून ताशी ५३ ने चाललेली असते. ८० चा वर्ग वजा ६० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. शाळेतलं गणित आहे, आणि चौदा वर्षांत एकदाही मांडून पाहिलं नव्हतं. ब्रेककडे पाय जाण्याआधीचा सेकंद यात धरलेलाच नाही. ८० वर त्या एका सेकंदात २२ मीटर जातात.

१४ जानेवारी

आता काय शिकायचं ते ठरवायचं आहे. समोर तीन वाटा आहेत आणि तिघींच्याही जाहिरातीत "गाडीवर ताबा" हेच शब्द आहेत.

पहिली, ओल्या गुळगुळीत पट्ट्यावरचं घसरण प्रशिक्षण, म्हणजे स्किड पॅड. दुसरी, रस्त्यावरचं प्रगत प्रशिक्षण. प्रशिक्षक शेजारी बसतो, नेहमीच्या रहदारीत चालवायचं. नजर, अंतर आणि निर्णय यांवर भर. या शाखेचं मूळ पोलिसांच्या प्रशिक्षणात आहे. लंडनच्या पोलिसांनी हेंडनमध्ये १९३० च्या दशकात चालक घडवण्याची जी शिस्त बसवली, तिच्यातून आजची पद्धत आली. तिसरी, ट्रॅक. बंद मार्ग, समोरून कोणी येत नाही, वेग हवा तेवढा.

धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, ट्रॅकच कर. मर्यादेवर गेल्याशिवाय मर्यादा कळायची नाही." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. मलाही आतून तेच हवं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच निर्णय सावकाश घेते आहे.

१९ जानेवारी

आज वाचलेल्या गोष्टीने प्रकल्पच थांबवावासा वाटला.

नॉर्वेमध्ये १९७९ पासून नव्या चालकांना घसरड्या पृष्ठभागावरचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. १९८८ मध्ये त्याचा हिशेब मांडला गेला, तेव्हा तरुण पुरुषांचे घसरड्या रस्त्यांवरचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसले. आणि १९९६ मध्ये स्वीडनच्या ग्रेगरसन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नवशिक्या चालकांचे दोन गट. एकाला ब्रेक मारून अडथळा चुकवण्याचं कौशल्य शिकवलं. दुसऱ्याला त्याच प्रसंगातून दाखवून दिलं की तुझं कौशल्य किती तोकडं आहे. नंतर चाचणी घेतली तर दोन्ही गट सारखेच. फरक एवढाच की पहिला गट स्वतःला जास्त तरबेज समजत होता.

हे पुन्हा पुन्हा वाचलं. शिकल्याने हात सुधारतो, पण आपल्या हाताबद्दलचा अंदाज त्याहून वेगाने फुगतो, आणि रस्त्यावर वेग ठरवतो तो हा अंदाज. मग शिकायचंच नाही का? माझं उत्तर "शिकायचं" असंच आहे. त्या रात्री अज्ञानानेही मला काही वाचवलं नव्हतं. पण निवडीची कसोटी बदलली. त्या दिवशी मी किती वेगात जाऊ शकले याला महत्त्व नाही. परत आल्यावर मी पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवते की कमी, ते मोजायचं.

म्हणून आजपासून दोन आकडे रोज वहीत. पुढच्या गाडीपासूनचं सरासरी अंतर सेकंदांत, आणि दिवसातले जोरात मारलेले ब्रेक.

२ फेब्रुवारी

दोन आठवड्यांची नोंद : अंतर सरासरी १.३ सेकंद, जोराचे ब्रेक ११. कोरड्यात किमान दोन सेकंद हवेत आणि ओल्यात त्याच्या दुप्पट. मी स्वतःला सावध चालक म्हणवून घेत होते.

५ फेब्रुवारी

फोनवर चार ठिकाणी चौकशी केली. प्रश्न आधीच लिहून घेतले होते, त्याचा उपयोग झाला. एका गाडीमागे किती शिकाऊ? दिवसभरात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किती मिनिटं? प्रशिक्षक शेजारी बसतो की कडेला उभा राहून वॉकीटॉकीवर बोलतो? गाडी त्यांची की माझी? ईएससी चालू आणि बंद अशी दोन्ही करून दाखवता का? फेरीची वेळ मोजता का?

एका ठिकाणी सहा जणांत एक गाडी निघाली. आठ तासांच्या दिवसात स्वतः चालवायला जेमतेम पाऊण तास. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने पहिल्याच वाक्यात सांगितलं की दिवसाच्या शेवटी सर्वांत कमी वेळ नोंदवणाऱ्याला चषक मिळतो. ते वाक्य ऐकून मी फोन आवरता घेतला. मला त्या दिवशी शर्यत नको होती. तिसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी उलट मलाच विचारलं, "गाडी नेमकी कुठे, कशी सुटली ते सांगता का?" आणि दहा मिनिटं ऐकून घेतलं. तिथेच नाव नोंदवलं.

क्रम ठरला. आधी ओला पट्टा, मग रस्ता, आणि ट्रॅक शेवटी, तोवर विचारण्याजोगं काही उरलं तर. पट्टा आधी का? तिथे ४० च्या वेगात तेच घडतं जे कोरड्यावर ९० ला घडेल. चुकलं तर फिरून थांबायचं, आसपास काही नाही. एका तासात पन्नास वेळा चुकता येतं.

२१ फेब्रुवारी

तयारी. बसण्याची जागा दुरुस्त केली. पाठ टेकलेली ठेवून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मी इतकी वर्षं एक वीत मागे बसत होते. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. दोन दिवस खांदे दुखले, आता नाही.

१ मार्च. ओला पट्टा

आजचं सविस्तर लिहायचं आहे.

पट्टा म्हणजे गुळगुळीत केलेलं मोठं मैदान, त्यावर सतत पाण्याचे फवारे. सकाळची पहिली कसरत अगदी साधी वाटली. गोलात फिरायचं आणि वेग हळूहळू वाढवायचा. ३४, ३६, ३८. मग स्टिअरिंग एकदम हलकं झालं, जणू त्याला खाली काही जोडलेलंच नाही, आणि नाक गोलाबाहेर सरकू लागलं. मी आणखी वळवलं. काही नाही. आणखी. गाडी आपली सरळच. शेजारी बसलेले प्रशिक्षक सर शांतपणे म्हणाले, "आता उलटं करा. थोडं सोडा." स्टिअरिंग थोडं सरळ केलं, पाय हलका केला, आणि टायरने पुन्हा जमीन पकडली. ती पकड तळव्यात जाणवते. वळायला हवं असताना कमी वळवायचं, हे शरीराला पटायला मला वीस फेऱ्या लागल्या.

मग मी त्या रात्रीचं सांगितलं तसंच करून पाहिलं. गोलात मर्यादेपाशी जाऊन पाय झटक्यात उचलला. मागचा भाग सुटला, अगदी तसाच. सरांनी गाडी थांबवून कागदावर आकृती काढली. पाय उचलला की गाडी पुढे झुकते, मागच्या चाकांवरचा भार पुढे जातो. जोराच्या ब्रेकला तर बाराशे किलोच्या गाडीत सुमारे दोनशे किलो भार मागून पुढे सरकतो. मागची चाकं हलकी, त्यांची पकड कमी, आणि पुढच्यांना अचानक जास्त पकड मिळाली तीही वळवलेल्या अवस्थेत. मागचा भाग जाणार नाही तर काय होणार? दोन महिने डोक्यात घुमत असलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या एका आकृतीत होतं. कागद मागून घेतला, वहीत चिकटवला आहे.

दुपारी किक प्लेट. जमिनीत बसवलेली लोखंडी पट्टी, मागची चाकं वरून जाताना ती बाजूला झटका देते. डावीकडे की उजवीकडे, आधी कळत नाही. पहिल्या सहा वेळा गोल फिरले. सर प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणत होते : "गाडी कुठे चाललीय ते नका बघू, तुम्हाला कुठे जायचंय ते बघा." सातव्या वेळी नजर दूरच्या झेंड्यावर ठेवली आणि हात आपोआप बरोबर दिशेला गेले. मी हातांना काही सांगितलं नव्हतं. पण तेवढ्यावर गाडी सावरत नाही. मागचा भाग परत येऊ लागला की स्टिअरिंग तितक्याच चपळाईने सरळ करावं लागतं, नाहीतर दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा येतो. मला तोच दुसरा झोका दर वेळी गाठत होता. आणि सगळंच हाताबाहेर गेलं तर? क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरायचे, गाडी थांबेपर्यंत सोडायचे नाहीत.

एबीएसची कसरत सोपी असेल असं वाटलं होतं. ६० वरून पूर्ण ब्रेक, आणि ब्रेक न सोडता अडथळा चुकवायचा. पायाखाली पेडल थरथरू लागलं आणि मी नकळत पाय सैल केला. सरांनी सांगितलं की बहुतेक जण हेच करतात. ते थरथरणं म्हणजे यंत्रणा काम करते आहे. बॉशची ही यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आली, तेव्हापासून ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. माझ्या गाडीत ती पहिल्या दिवसापासून आहे आणि मी तिचा असा वापर कधीच केला नव्हता.

शेवटी त्यांच्या गाडीत ईएससी चालू ठेवून तीच कसरत. एकेका चाकाला ब्रेक लावून ती यंत्रणा गाडी सरळ ठेवते आणि माझ्या हातांपेक्षा फार लवकर सावरते. मग सरांनी तीच चालू ठेवून वेग आठ किलोमीटरने वाढवायला सांगितला. गाडी गोल फिरली नाही, पण सगळीच्या सगळी गोलाबाहेर गेली. नसलेली पकड कोणतीही यंत्रणा तयार करू शकत नाही, हे डोळ्यांनी पाहिलं.

निघताना सर म्हणाले, "आज तुम्ही ४१ वेळा फिरलात. रस्त्यावर पहिल्याच वेळी जमलं पाहिजे, आणि तुम्हाला आधी कळलेलं नसेल." गाडी चालवत घरी येताना पुढच्या गाडीपासून माझं अंतर कधी नव्हतं एवढं होतं.

४ मार्च

अंतर २.२ सेकंद. हा ताजेपणाचा परिणाम असू शकतो. महिनाभर बघायचं.

२८ मार्च. रस्ता, पहिलं सत्र

आज बोलत चालवायचं होतं. जे दिसतं ते मोठ्याने म्हणायचं : पुढे थांबलेली बस, तिच्या पुढून माणूस येऊ शकतो, ओला पट्टा, झाडाची सावली, तिथे वाळलेलं नसेल. पहिल्या दहा मिनिटांत मी पुढच्या गाडीच्या दिव्यांपलीकडे काहीच बोलले नाही. बोलायला काही नव्हतं, कारण मी त्यापलीकडे बघतच नव्हते.

माहिती, जागा, वेग, गिअर, वेगवाढ, हा क्रम प्रत्येक वळणाला पाळायचा. आणि एक गोष्ट अशी मिळाली की तिच्यासाठी पूर्ण सत्र सार्थकी लागलं. वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जिथे एकमेकींना मिळताना दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवायची. बिंदू आपल्याइतक्याच वेगाने पुढे पळत असेल तर आपला वेग बरोबर. तो जवळ येऊ लागला तर वळण आवळतंय, वेग आत्ताच कमी कर. पुढे निसटू लागला तर वळण उघडतंय.

त्या रात्रीचं वळण आवळत जाणारं होतं. तो बिंदू माझ्याकडे येत होता आणि मी तेव्हा डांबराकडे बघत होते. ओल्या पट्ट्यावर जे सावरायला ४१ वेळा फिरावं लागलं, ते इथे तीन सेकंद आधी नुसतं बघून टळलं असतं.

१२ एप्रिल

रस्त्याचं दुसरं आणि तिसरं सत्र झालं. सराव चालू आहे, वेगळं लिहिण्यासारखं नाही.

९ मे. ट्रॅक

प्रश्न उरला होता म्हणून गेले. मला जोराच्या वेगातला ब्रेक हवा होता, जो रस्त्यावर सरावाला मिळत नाही. फेरीची वेळ न मोजणारा, प्रशिक्षक शेजारी बसणारा दिवस शोधला.

आधी गाडी. ब्रेकचं तेल नवं भरलं. डॉट ४ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू ते नवं, पाणी न शोषलेलं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, आणि पाणी शोषून घेतल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. तेल उकळलं की वाफ होते आणि पेडल खाली जातं, गाडी मात्र थांबत नाही. पॅड तपासले, डिकीतलं सुटं सामान काढलं. विमा कंपनीलाही विचारलं, ट्रॅकवरचं नुकसान माझ्या विम्यात बसत नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं. दुसऱ्याला पुढे जाऊ देण्याची खूण आणि झेंड्यांचे अर्थ सकाळीच पाठ करून घेतले.

दिवसाने काय दिलं? ब्रेक सरळ रेषेत, पहिल्याच क्षणी जोरात आणि मग हळूहळू सोडत जायचा, हे पायात उतरलं. मी इतकी वर्षं उलट करत होते, आधी हलका आणि शेवटी घाबरून जोरात. सावकाश आत शिरून लवकर बाहेर पडणं, वळणाच्या आतल्या टोकाला जरा उशिरा टेकणं, आणि नजर नेहमी एक वळण पुढे. बाराव्या फेरीला गाडी आणि मी एकाच लयीत होतो. तो आनंद खरा आहे आणि तो मी कमी करून लिहिणार नाही. थंड करण्याची फेरी घेऊनच आत आले. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नाही म्हणून गाडी गिअरमध्ये लावली.

पण तेच वळण दर दोन मिनिटांनी परत येतं. त्याची त्रिज्या पाठ होते, डांबर पाठ होतं, समोरून कोणी येत नाही. म्हणून तिथे शिकता येतं, आणि म्हणूनच तिथलं धाडस बाहेर आणायचं नसतं. भावाला फोन करून म्हटलं, तू बरोबर होतास, मर्यादा कळते. पण ट्रॅकआधी पट्ट्यावर आणि रस्त्यावर गेले नसते, तर माझ्या हाती आज फक्त वेगाची चटक आली असती. तो म्हणाला, "मग मलाही आधी पट्ट्यावर घेऊन चल."

१६ मे

सावध नोंद. ट्रॅकनंतरच्या आठवड्यात अंतर २.४ वरून १.८ वर आलं. मला जाणवलंही नव्हतं, वहीने सांगितलं. नॉर्वेचा हिशेब माझ्या घरात घडायला सात दिवस पुरले. त्या सात दिवसांत पाऊस पडला असता तर?

उपाय म्हणून दोन आठवडे पुन्हा बोलत चालवायचं, एकटी असताना मोठ्याने.

७ जून

अंतर २.३. जोराचे ब्रेक दोन आठवड्यांत २, दोन्ही समोरच्याने अचानक लेन बदलल्यामुळे. एकदा एबीएस थरथरला आणि पाय सुटला नाही.

त्या वळणावरून आज आईला घेऊन गेले, हलक्या पावसात. वर असतानाच बिंदू जवळ येताना दिसला. वळणाआधी ४० पर्यंत उतरले, आत पाय स्थिर ठेवला. आई फोनवर मावशीशी बोलत होती, तिचं बोलणं मध्ये तुटलं नाही.

८ जून

२१ तारखेला भावाबरोबर पट्ट्यावर जायचं आहे, मला दुसरा झोका सावरणं पक्कं करायचं आहे. टायरच्या नक्षीची खोली मोजली : पुढचे दोन्ही २.८ मिलीमीटर, मागचे ३.५. कायद्याची किमान मर्यादा अनेक देशांत १.६ आहे, पण तीनच्या खाली पाणी बाहेर फेकण्याची ताकद झपाट्याने घटते. चारही बदलणार, त्या तारखेच्या आत.